‘असं काय खाल्लं होतंस?’ आतड्यांची जुनाट सूज येते कशानं

पंचविशीतल्या पोराला तीन-चार महिने रक्ताचे जुलाब होतात. गावातले दोन डॉक्टर होतात, अंगावरचे कपडे ढिले होतात आणि शेवटी बेळगावात नाहीतर मिरजेत तपासणी होऊन कागदावर ‘आयबीडी’ असं लिहून मिळतं. तिथून पुढं भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, ‘असं काय खाल्लं होतंस रे?’ आजारी माणूस घरची सून असेल तर सूर आणखी वेगळा लागतो: ‘आमच्यात कुणालाच नव्हतं की, हिलाच कसं झालं?’

दोन्ही प्रश्नांत एक आरोप दडलेला आहे आणि तो खोटा आहे. एखाद्याच्या एका चुकीनं हा आजार होत नाही. मग होतो कशानं, याचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत बरंच हाती आलंय. फक्त ते पाहुण्याला दारात सांगून संपवता येईल इतकं आटोपशीर नाही.

## आधी आजार कुठला ते

आयबीडी म्हणजे आतड्यांना येणारी आणि वर्षानुवर्षं राहणारी सूज. त्यात मुख्यतः दोन आजार मोडतात. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात फक्त मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. सुरुवात गुदद्वाराजवळ होते आणि सूज सलग वर सरकते, म्हणून रक्त आणि आव पडणं हे त्याचं पहिलं लक्षण. लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये त्याची नोंद केली होती. दुसरा क्रोन्स. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, मधला भाग चांगला ठेवून पुढं होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो. त्यामुळं आतडं आकसतं, किंवा भगंदर होतं.

बहुतेकांना हा आजार पंधरा ते पस्तीस या वयात गाठतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना कोलायटिस किशोरवयापासून होता. त्यांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद सोडलं ते त्याच्याच पायी.

आयबीएस हे नाव ऐकायला जवळचं असलं तरी तो निराळा प्रकार. त्यात पोट दुखतं, शौचाची वेळ बिघडते, त्रास खरा असतो. पण आतड्याला जखम नसते, रक्त जात नाही. एका अक्षराच्या फरकानं घरात उगाच रडारड झाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि उगाच निर्धास्त राहिल्याचीही.

## नाका उघडायचा राहून गेला

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर कामाचे. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात अंतर किती? चिकट बुळबुळीचा थर आणि त्याखाली पेशींची एकच ओळ. शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा हिस्सा म्हणूनच आतड्याच्या भिंतीत तैनात असतो.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका पुरे. एरवी दूधगंगेच्या पुलावरून दुधाचे टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, कोल्हापूरला शिकणारी पोरं, लग्नाची वऱ्हाडं दिवसरात्र येतात-जातात. पोलीस असतात, पण बघून सोडून देतात. कोरोनात किंवा सीमाप्रश्नाच्या महामेळाव्याच्या दिवशी बंदोबस्त लागतो, बॅरिकेड पडतात, गाड्या परत जातात. तेही समजण्यासारखं, कारण चार दिवसांनी बॅरिकेड उठतात. निरोगी आतड्याचं असंच चालतं. खराब पाण्यातून जंतू आला की सूज येते, जुलाब होतात, जंतू जातो, सूज उतरते.

आयबीडीत बंदोबस्त उठवण्याचा हुकूम पोहोचतच नाही. धोका गेलेला असतो, तरी संरक्षक पेशी रोजच्या जिवाणूंनाच घुसखोर धरून अडवत राहतात, आणि त्या धुमश्चक्रीत नाक्याचंच बांधकाम पडतं. पडलेल्या भिंतीतून जिवाणू आत शिरतात. मग बंदोबस्त आणखी वाढतो.

म्हणजे कोडं असं: हा हुकूम का पोहोचत नाही? चार गोष्टी एकत्र येतात तेव्हा. जन्मजात ठेवण, आतड्यातले जिवाणू, आजूबाजूच्या आणि खाण्यापिण्याच्या सवयी, आणि बिघडलेली संरक्षक यंत्रणा. यातली एकटी कुठलीच आजार आणायला पुरत नाही. डॉक्टर ज्याला ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतात ती गोष्ट असली की आजाराची शक्यता वाढते, इतकंच. ती असूनही बहुतेकांना काही होत नाही, आणि नसूनही एखाद्याला होतं.

## ‘आमच्यात कुणालाच नव्हतं की’

नसेलही. बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतोच. तरीही जनुकांचा वाटा आहे. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, नॉड-२. आतड्यातल्या जिवाणूंची चाहूल पेशीला देणं हे त्याचं काम. त्यानंतर दोनशेहून जास्त जागा सापडल्या, पण एकेकीचा परिणाम अगदी बारीक. शिवाय युरोपीय लोकांत नॉड-२ मधले जे बदल महत्त्वाचे ठरले ते भारतीयांत क्वचितच दिसतात. तिकडची जनुकचाचणी इकडं करून घेण्यात फारसा अर्थ नाही तो म्हणूनच.

जनुकांचा वाटा किती, हे जुळ्यांवरून चांगलं कळतं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण तिघांत एक ते दोघांत एक. कोलायटिसमध्ये त्याहून बरीच कमी. रक्तामांसाची हुबेहूब नक्कल असूनही निम्मे किंवा त्याहून जास्त जुळे वाचतात, तेव्हा उरलेला खेळ बाहेरच्या गोष्टींचा आहे.

आई किंवा बाप यांपैकी एकाला आयबीडी असेल तर मुलाचा धोका इतरांपेक्षा वाढतो खरा, पण शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांना तो होत नाही. लग्न जमवताना ही गोष्ट लपवली जाते, आणि लपवल्यामुळं गोळ्या बंद होतात. धोका कुठला मोठा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आपल्या भागापुरती एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. मामाच्या मुलीशी लग्न, काही समाजांत मामा-भाचीचंही, ही इकडची जुनी रीत. मोठेपणी होणाऱ्या आयबीडीचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. पण अगदी तान्ह्या वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत सुरू होणारा एक दुर्मीळ प्रकार आहे. त्यात एकच जनुक दोन्हीकडून बिघडलेलं येतं. सूज उतरवण्याचा निरोप देणाऱ्या ‘आयएल-१०’ या रेणूचा ग्राहकच, म्हणजे तो निरोप घेणारा पेशीवरचा भागच, अशा काही बाळांत नादुरुस्त असतो, हे २००९ मध्ये नात्यातल्या लग्नांच्या कुटुंबांतूनच उघड झालं. अशा बाळांना अस्थिमज्जा बदलून बरं करता येतं. म्हणून तान्ह्या मुलाला रक्ताचे जुलाब आणि गुदद्वाराजवळ वारंवार गळू होत असतील, तर आई-वडील नात्यातले आहेत हे डॉक्टरांना न लाजता सांगावं.

## ‘हा तर गोऱ्या साहेबांचा आजार’

असं आपल्याकडच्या डॉक्टरांनाही एके काळी वाटायचं. मग लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० लोक तपासले आणि कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले. म्हणजे लाखामागं ४४. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच दर बेळगाव जिल्ह्याच्या २०११ च्या लोकसंख्येला, म्हणजे जवळपास ४८ लाखांना लावला तर एकवीसशेच्या आसपास माणसं होतात. पंजाब म्हणजे बेळगाव नव्हे आणि हे नुसतं तोंडी गणित आहे, पण ‘आपल्याकडं नसतंच’ हे म्हणणं त्यातून निकालात निघतं.

त्याहून बोलकी गोष्ट इंग्लंडातल्या लेस्टरची. तिथं स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिसचं प्रमाण गोऱ्या शेजाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास असल्याचं १९९२ मध्ये दिसून आलं. माणसं तीच, जनुकं तीच, गाव बदललं. पुढं जगभर असंच चित्र दिसत गेलं. देशात कारखाने, शहरं आणि पाकिटातलं खाणं आलं की काही दशकांत आयबीडी वाढतो. युरोप-अमेरिकेत नव्या रुग्णांचा वेग आता बऱ्यापैकी स्थिरावलाय. चढण लागलीय ती आशिया आणि दक्षिण अमेरिकेला.

## ‘तिखटानं आतडी जळली’

संकेश्वरी मिरचीला या आरोपातून मुक्त करायला हरकत नाही. तिखटानं आयबीडी होतो, याला आधार नाही. तसं असतं तर बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात दर घरात रुग्ण निघाला असता, आणि तोही आजच्या नव्हे, पणजोबांच्या काळापासून. एकदा सूज आल्यावर झणझणीत खाल्लं की त्रास वाढू शकतो, पण आधीच जखमी अस्तराला झोंबणं वेगळं आणि जखम करणं वेगळं.

संशय आहे तो फार प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर: पाकिटातले चिप्स, इन्स्टंट नूडल्स, थंड पेयं, क्रीमची बिस्किटं. भारतासह २१ देशांतल्या १,१६,०८७ लोकांचं खाणं नोंदवून त्यांच्यावर दहाएक वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. असे पदार्थ दिवसातून पाच किंवा जास्त वेळा खाणाऱ्यांत आयबीडीचा धोका, दिवसाला एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांपेक्षा ८२ टक्क्यांनी जास्त निघाला. साधं मांस, दूधदुभतं, फळं, भाज्या यांचा मात्र असा संबंध दिसला नाही.

आता ‘८२ टक्के’ वाचून दचकण्याआधी दुसरा आकडा बघा. सव्वा लाखाच्या आतबाहेरच्या त्या माणसांपैकी आयबीडी झाला एकूण ४६७ जणांना. म्हणजे हजारात चौघांना. मूळ शक्यताच इतकी लहान की ती पावणेदोन पटीनं वाढली तरी लहानच राहते. बातम्यांचे मथळे पहिला आकडा मोठ्या टाइपात छापतात आणि दुसरा गाळतात. आरोग्याची कुठलीही बातमी वाचताना ही खोड ध्यानात ठेवलेली बरी.

या पदार्थांत नेमकं खुपतं काय? एक संशयित म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी रसायनं, पाकिटावर ४३३ किंवा ४६६ असे आकडे असतात ती. २०१५ च्या एका प्रयोगात ती खाल्लेल्या उंदरांच्या आतड्यातला बुळबुळीचा थर पातळ झाला आणि जिवाणू भिंतीला येऊन भिडले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण दिशा कळते. दुसरी गोष्ट चोथ्याची. जोंधळ्याची भाकरी, नाचणी, कडधान्यं यांतला न पचणारा चोथा खाऊन आतड्यातले काही जिवाणू असं आम्ल तयार करतात, जे अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न आहे. चोथा गेला की ते जिवाणू घटतात. भाकरीच्या जागी रोज चहाबरोबर खारी-टोस्ट आला, यात बेकरीवाल्याचा दोष नाही, पण आतड्याला फरक पडतो.

इथं एक सावधगिरी. हे झालं आजार होण्याआधीचं. ज्याचं आतडं क्रोन्सनं आधीच आकसलंय त्याला चोथा खाऊन आतडं बंद पडू शकतं. त्यानं भाकरीबद्दल डॉक्टरांनाच विचारावं.

## मेडिकलमधली पांढरी पट्टी

जुलाब लागले की आपल्याकडं काय करतात? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आणतात. चिठ्ठी कुणी विचारत नाही. दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेली पट्टी फ्रिजवर, पुढच्या खेपेसाठी.

डेन्मार्कमध्ये दहा वर्षांवरच्या ६१ लाख लोकांच्या २००० ते २०१८ या काळातल्या औषधांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२३ च्या त्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांत आयबीडीचं प्रमाण जास्त आढळलं. जितके कोर्स अधिक, तितका धोका अधिक. सर्वांत ठळक संबंध दिसला तो दोन गटांशी, आणि आपल्या त्या जोडगोळीतले दोन्ही घटक नेमके त्याच दोन गटांतले आहेत. मेट्रोनिडाझोलही त्यातलंच.

यावर हुशार वाचक विचारेल की आजार आधीच सुरू झाला असेल, त्याचे जुलाब थांबवायला गोळी घेतली असेल, मग दोष गोळीचा कसा? शंका रास्त आहे आणि अभ्यासकांनाही ती पडते. धोका सर्वांत जास्त दिसला तो गोळी घेतल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात, त्यामुळं थोडा भाग या उलट्या नात्याचा असणारच. पण दर वाढत्या कोर्सबरोबर धोका चढणं आणि अँटिबायोटिकनं आतड्यातली जिवाणूंची वस्ती विस्कटणं, या दोन्ही गोष्टी माहीत असताना गोळीला पुरतं निर्दोष ठरवता येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावं. न्यूमोनियाला, विषमज्वराला अँटिबायोटिक लागतंच, तिथं हा लेख दाखवून नकार देऊ नये. साध्या सर्दीला आणि पाण्यासारख्या जुलाबाला ते बहुधा लागत नाही. मीठ-साखर-पाण्यानं काम भागतं.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही बघावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी शांत असलेला आजार काहींच्या बाबतीत पुन्हा उफाळतो. गुडघ्यासाठी आणलेली सासऱ्याची पट्टी सुनेच्या पाठदुखीला द्यायची पद्धत घातक आहे ती अशा घरात.

## निपाणीच्या बिडीचं कोडं

धूम्रपानानं क्रोन्सचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि आजार झाल्यावरही ओढत राहिलं तर पुन्हापुन्हा उलटतो, ऑपरेशनची पाळी येते. इथपर्यंत सरळ. कोलायटिसमध्ये मात्र उलटं दिसतं. ओढणाऱ्यांत तो कमी आणि सोडल्यानंतरच्या काही वर्षांत जास्त. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात हे वाक्य अर्धं ऐकून कुणी बिडी शिलगावली तर नवल नाही. तर पूर्ण ऐका: फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होणं, या सगळ्यांपुढं हा फायदा नगण्य आहे. जगातला कुठलाही शहाणा डॉक्टर कोलायटिसवर बिडी लिहून देत नाही.

अपेंडिक्सचंही असंच विचित्र आहे. लहान वयात अपेंडिक्सला सूज येऊन ते काढलेल्यांत पुढं कोलायटिस कमी आढळतो. म्हणून चांगलं अपेंडिक्स कुणी काढून घेत नाही.

## ‘टेन्शननं झालं’, ‘फार स्वच्छतेनं झालं’

आधीच झालेला आजार टेन्शननं भडकू शकतो. नुसत्या टेन्शननं तो जन्माला येत नाही. परीक्षा, कर्ज, घरातली भांडणं हे सगळ्यांनाच असतं. रुग्णाला ‘तू फार विचार करतोस’ असं सांगणं म्हणजे दोष पुन्हा त्याच्याच पदरात घालणं.

स्वच्छतेचा मुद्दा थोडा अधिक गंभीर आहे. लहानपणी माती, गुरं, भावंडं यांच्यातून नाना जिवाणूंची ओळख झाली की संरक्षक पेशींना कुणाला सोडायचं ते कळतं, असा एक विचार आहे, आणि खेड्यात, गोठ्याजवळ वाढलेल्यांत आयबीडी कमी दिसतो याचे पुरावेही आहेत. त्याचा अर्थ नळाच्या गढूळ पाण्याला चांगलं म्हणायचं असा नाही. त्या पाण्यातून कावीळ आणि विषमज्वर आजही येतात. बाळाला अंगावरचं दूध पाजणं हा त्या ओळखीचा सगळ्यात सोपा आणि फुकटचा भाग आहे. अंगावर प्यायलेल्या मुलांत आयबीडी कमी आढळतो.

## मूळव्याध, भगंदर आणि टीबी

कारणांबद्दल इतकं बोलून झालं, पण आपल्या भागात रुग्णाचं जास्त नुकसान होतं ते निदान लांबल्यानं. शौचातून रक्त गेलं की मूळव्याध, हे ठरलेलं. निपाणी-चिकोडी रस्त्यावर कन्नड-मराठी दोन्हींत ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या आहेत. मूळव्याधीचं रक्त बहुधा ताजं, शौचाच्या शेवटी आणि आवेशिवाय पडतं. रक्ताबरोबर आव, दिवसातून पाच-सहा खेपा, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, वजन उतरणं, अंगातलं रक्त कमी होणं, वाढत्या मुलाची उंची थांबणं, यांतलं काही असेल तर ती मूळव्याध धरून चालू नये. भगंदराचं ऑपरेशन होऊन ते पुन्हापुन्हा होत असेल तर क्रोन्सची शंका घ्यायलाच हवी.

दुसरा चकवा टीबीचा. लहान आतडं मोठ्याला मिळतं तीच जागा आतड्याच्या टीबीला आवडते आणि क्रोन्सलाही. दोन्हींत ताप, वजन घटणं, पोटदुखी. तुकडा काढून तपासला तरी कधीकधी उत्तर मिळत नाही. चूक दोन्हीकडून महागात पडते. क्रोन्सच्या रुग्णाला सहा महिने टीबीच्या गोळ्या खाव्या लागतात आणि आतडं तोवर आकसत जातं. टीबीच्या रुग्णाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून शंका फिटत नसेल तर आपल्याकडचे डॉक्टर आधी टीबीचं औषध सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून जखमा भरल्यात का ते बघतात. रुग्णाला वाटतं, डॉक्टर चाचपडतायत. खरं तर भारतात हीच रीत शहाणपणाची आहे, फक्त ती दुसरी तपासणी चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून ती टाळणारेच जास्त.

शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची एक चाचणी मिळते. तिच्यावरून आतड्याला सूज आहे की नाही याचा अंदाज येतो, आणि दुर्बिणीची गरज कुणाला हे ठरवायला मदत होते. पोटाच्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा जाताना जुने रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि वर्षभरात खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या. ओपीडीत समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की मराठी, पट्टीवरचं औषधाचं नाव त्यांना वाचता येतं. आणि रक्त किती दिवसांपासून जातंय हे विचारलं तर लाजून ‘आठवडाभर’ म्हणू नका. सहा महिने असतील तर सहा महिने सांगा.